दुसऱ्याची घोडी कशी सांभाळावी

लग्नसराई संपली तशी पाहुण्यांनी आमची घोडी परत आणून सोडली. सोबत हिशेबाचा कागद. त्यात 'हार, फेटा, झूल – निम्मे तुमच्याकडून येणे' असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं. घोडीच्या पुढच्या डाव्या पायाचा नाल गायब होता आणि ती तो पाय उचलून धरत होती, पण कागदावर त्याला जागा उरली नसावी. एवढी विद्या असलेली माणसं आपल्यात वावरतात आणि तिची कुठं नोंद होत नाही, हे बरं नव्हे. तेव्हा जमेल तेवढं लिहून ठेवतो. उद्या तुम्हालाही कुणाची घोडी 'चार महिने सांभाळायला' न्यायची झाली तर हाताशी असावं.

सुरुवात मागण्यापासून. भाडं हा शब्द तोंडातून निघता कामा नये. "दादा, तिथं बांधून बांधून आखडून जाईल ती. आमच्याकडं रान मोकळं आहे, पोरं हौशी आहेत. खर्च काय, निम्मा-निम्मा." एवढं म्हणावं आणि चहा प्यावा. मालकाला वाटतं, पाहुणे आपल्यावरच उपकार करताहेत. मराठ्यांच्या फौजेत स्वतःचं घोडं आणणारा तो शिलेदार आणि सरकारच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर, असा सरळ हिशेब असे. तुम्ही बसायचं बारगिरासारखं आणि मिशीला पीळ शिलेदाराचा द्यायचा.

निम्मा खर्च म्हणजे कशाचा निम्मा, हे मात्र कधीही लिहून होऊ देऊ नका. वाटणी तोंडीच आणि गोड बोलून करावी: घोडीच्या पोटाचं आम्ही बघतो, बाकी किरकोळ तुम्ही बघा. पोटाचं म्हणजे बांधावरचं गवत आणि शेजाऱ्याचा कडबा. हरभऱ्याचा भरडा मालकानं पोत्यानं धाडलेला असतोच, त्यातला थोडा तुमच्या म्हशीलाही मानवतो. आता किरकोळ काय ते पाहा. दर महिना-दीड महिन्याला खूर तासून नाल ठोकायचा; त्यासाठी नालबंद शोधायचा आणि तो सापडला तर त्याच्या पेट्रोलसकट त्याला आणायचा. धनुर्वाताची लस. जंताचं औषध. दात टोकदार झाले की ते घासून घ्यायचे. गुरांचा डॉक्टर, आणि घोड्याला हात लावणारा डॉक्टर मिळेपर्यंतचे फोन. असलं सगळं किरकोळ मालकाकडं.

ब्रशनं अंग घासून खरारा रोज करावा असं जुनी माणसं म्हणतात. जुनी माणसं पुष्कळ काही म्हणतात.

पाणी पाजायचा कंटाळा येतोच. उन्हाळ्यात घोडी दिवसाला तीस-चाळीस लिटर सहज पिते, एवढ्या बादल्या कोण उचलणार? सकाळी एक ठेवावी.

घोडीचं नाव बदलून टाकावं आणि स्टेटसला 'आपली वाघीण' असं लिहून फोटो टाकावा. मालकाचा नंबर त्या दिवसापुरता लपवला तरी चालतो.

कायद्याला घाबरू नका, कारण तो कुणी वाचत नाही. भारतीय करार कायदा 1872 सालचा. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली तर काय, हे त्यात सांगितलंय आणि उदाहरणं चक्क घोड्याची दिलीत. घोडा खोडकर आहे हे ठाऊक असून मालकानं सांगितलं नाही आणि नेणारा पडला, तर भरपाई मालकानं द्यायची. बरोबरच आहे, मालकालाही सोडलेलं नाही. पुढं कलम 154 मध्ये म्हटलंय की घोडा एकट्याच्या बसण्यासाठी दिला, त्यानं घरातल्या दुसऱ्याला बसवलं आणि घोडा पडून जखमी झाला, तर बसणारा कितीही जपून बसलेला असो, भरपाई नेणाऱ्याच्या माथी. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी कुणा गोऱ्या साहेबाला तुमचा मेव्हणा दिसलेला होता! सांभाळायला दिलेली गाय व्याली तर वासरूही मालकाचं, हेसुद्धा त्यातच आहे. तेव्हा घोडी परस्पर कुणाच्या घोड्याला दाखवायचा बेत असेल तर अकरा महिन्यांचं गणित आधी मांडून ठेवा.

आता मुख्य गोष्ट, वरात. हौसेनं नेलेली घोडी सुपारी घेऊन वरातीला लावणं हा या विद्येचा कळस आहे. खर्च निम्मा असला तरी सुपारी अख्खी आपली. मालकाला कळलंच तर "गावातल्याच पोराचं लग्न होतं, नाही कसं म्हणणार" हे वाक्य तयार ठेवावं. गावात दर दोन दिवसांनी लग्न असतं. आमची घोडी शांत आहे, म्हणजे होती. तिला डीजेच्या भिंतीला खेटून उभी करावी. कानाशी फटाक्यांची माळ लावावी. वरात मारुतीच्या देवळापाशी दोन तास अडली तरी खोगिराचा पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, सैल करू नये, नवरदेव घसरेल. उतरल्यावर लाडानं पेढा भरवावा, मग सगळ्यांनीच भरवावा, मग मांडवात उरलेली बुंदी घमेल्यात आणून पुढं ठेवावी. देवाघरचं जनावर, खाऊ दे पोटभर.

घोड्याला उलटी होत नाही. बैलाचं, कुत्र्याचं, माणसाचं पोट बिघडलं तर काहीतरी वाट निघते. घोड्याच्या पोटात गेलेलं वर येत नाही आणि आतडं अडकलं तर घोडं तडफडून मरतं. हे मी घोडी नेताना सांगितलं होतं, गोठ्यात उभं राहून, आणि पाहुणे मान डोलावत होते. त्या रात्री घोडी पुढच्या पायानं माती उकरत होती, मान वळवून सारखी कुशीकडं बघत होती, ओठ वर ओढत होती. पोटशुळाची याहून उघड लक्षणं नसतात. पाहुण्यांच्या पोरानं त्याचा व्हिडिओ काढला, वर हलगीचं संगीत लावलं आणि 'घोडी नाचली रे' म्हणून टाकला! मी तो व्हिडिओ पाहिला म्हणून गाडी काढली. पोचलो तेव्हा ती जमिनीवर लोळत होती. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून पॅराफिन सोडलं, सलाईन लावलं आणि आम्ही आळीपाळीनं तिला उजाडेपर्यंत फिरवली. पाहुणे अंगणात खाट टाकून बसले होते. पहाटे तिनं लीद टाकली, डॉक्टर हुश्श म्हणाले आणि त्यावर पाहुण्यांनी काय विचारावं? "दादा, अकराला वरच्या आळीत वरात आहे. तोवर उभी राहील ना?"

यावर सल्ला सुचत नाही. लाज वाटत नाही का तुम्हाला? जीपच्या मागच्या काचेवर राजमुद्रा चिकटवलीय ना? शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या आपल्या लष्कराला लिहिलेलं पत्र तरी कधी वाचा. दाणावैरण पावसाळ्याच्या आत उधळलीत तर घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल, असं त्यात बजावलंय. घोडी सरकारची, पण जबाबदारी ज्याच्या ताब्यात आहे त्याची. तुम्हाला त्यांचा घोडा फक्त पुतळ्याखाली दिसतो.

ज्याला घोडं परवडत नाही त्यानं नाही पाळलं तर काही बिघडत नाही. दुसऱ्याचं आणावं, हरकत नाही, मीही दिलंच. पण नाल कुणी ठोकायचा, डॉक्टर कुणी बोलवायचा, घोडीवर कोण बसणार आणि कोण नाही, हे चार ओळींत लिहून खाली सह्या करायला काय जातं? "आपल्यात कशाला कागद" म्हणणारा माणूस हार-फेट्याचा कागद बरा करतो!

तर पाहुणे, डॉक्टरांचं बिल फोनवर टाकलंय, ते पूर्ण तुमचं आहे, निम्मं नाही. सुपाऱ्यांचा हिशेबही पाठवा, तोही मला बघायचाय. खोगिराची उजवी रिकीब तुमच्या पडवीत खुंटीला लटकलेली मी पाहिलीय, ती रविवारपर्यंत आणून द्या. चहा मिळणार नाही.