रेल्वेकडेची घरं जाणार म्हणे!

"रेल्वेलाइनच्या दोन्ही बाजूंची ५०० मीटरमधली सगळी घरं जाणार. नव्या विकास आराखड्यात आलंय. हरकत घेतली नाही तर तुमची संमती धरणार, पुन्हा कोर्टातही जाता येणार नाही. मेट्रोसाठी चाललंय सगळं. सुनावणी हे नाटक आहे. सोबतच्या अर्जावर सही करून दहा जणांना पाठवा." शेवटी लाल दिव्याची तीन चित्रं.

आपल्या कोल्हापुरात राजारामपुरी, टाकाळा, शाहूपुरीच्या ग्रुपांवर फिरत फिरत हा मेसेज माझ्या आत्याकडं पोचला. "रात्रभर झोपलो नाही बघ," फोनवर म्हणाली. मी म्हटलं असतं, सोडून दे. पण पाठोपाठ एक एजंट दारात येऊन "आराखड्यात जायच्या आधी गिऱ्हाईक बघतो" म्हणून गेला. त्यानं सांगितलेली किंमत ऐकली आणि माझं डोकं सटकलं. म्हणून हे लिहितोय.

आधी ५०० मीटर. ते किती, हे फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी एकानं तरी नकाशावर बघितलंय का? रुळाच्या दोन्ही अंगांना तेवढं मोजलं तर स्टेशन रोड, एसटी स्टँड, शाहूपुरीचा मोठा भाग, राजारामपुरीच्या सुरुवातीच्या गल्ल्या, पुढं टाकाळा आणि मार्केट यार्ड, सगळं त्यात बसतं. म्हणजे महापालिका एसटी स्टँड पाडणार, गुळाचे सौदे दुसरीकडं हलवणार आणि हजारो घरांचा मोबदला देणार. कुठल्या तिजोरीतून, ते मेसेजवाल्यालाच माहीत.

आकडा मात्र हवेतून आलेला नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या टीओडी धोरणात, म्हणजे सार्वजनिक वाहतुकीच्या आधारानं वस्ती वाढवायच्या धोरणात, ५०० ते ८०० मीटरचा पट्टा सांगितलाय. पण तो स्टेशनपासून मोजायचा, रुळाच्या कडेनं नव्हे. स्टेशनपर्यंत माणूस चालत जाईल एवढं ते अंतर. आणि त्या पट्ट्यात घरं पाडायची नसतात, उलट तेवढ्याच जागेवर जास्त बांधायला परवानगी द्यायची असते, म्हणजे जादा एफएसआय. कोल्हापुरात असा पट्टा कधी ठरलाच, तर आत्याच्या जागेचा भाव वाढेल. एजंटाला हे कळत नसेल असं मला वाटत नाही. काळजी करायचीच तर वेगळ्या गोष्टीची करा: दोन मजल्यांच्या गल्लीत सात मजले उठले तर पाणी, ड्रेनेज आणि पार्किंगचं काय? मेसेजमध्ये त्यावर अवाक्षर नाही.

रुळाला अगदी लागून असलेल्यांसाठी एक गोष्ट खरी आहे. रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत बांधायचं तर रेल्वेचा ना-हरकत दाखला लागतो. तो नियम नव्या बांधकामाच्या परवानगीचा आहे. उभ्या घराला हात लावायचा त्याच्याशी संबंध नाही.

"आराखड्यात आलं म्हणजे गेलं" हे तर निव्वळ अडाणीपण. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ कुठल्याही वकिलाकडं मिळेल, तो उघडा. कलम २६ प्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो. त्याची नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते, नकाशे बघायला ठेवतात. फिरणाऱ्या मेसेजमध्ये राजपत्राची तारीख दाखवा बघू. पुढं आराखडा मंजूर झाला आणि तुमच्या जागेवर आरक्षण पडलं, म्हणजे ती सार्वजनिक कामासाठी राखून ठेवली, तरी मालकी तुमचीच राहते. जागा घ्यायची तर कलम १२६ खाली रीतसर घ्यावी लागते: बोलणी करून, एफएसआय किंवा टीडीआर (दुसरीकडं वापरता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन किंवा भूसंपादन कायद्यानं मोबदला मोजून. दहा वर्षांत घेतली नाही तर कलम १२७ खाली तुम्ही खरेदी नोटीस द्यायची, म्हणजे "जागा घ्या, नाहीतर सोडा" असं लेखी कळवायचं. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत की आरक्षण संपलं.

मेट्रोचं काय सांगायचं! २०१७ च्या मेट्रो धोरणात २० लाखांवर लोकसंख्येच्या शहरांचा विचार आहे. २०११ च्या जनगणनेत आपण ५ लाख ४९ हजार. पुढचा मुद्दा.

"हरकत नाही तर संमती." यात अर्धं खरं आहे, आणि ते मान्य करायला मला आवडत नाही. कोल्हापूरएवढ्या शहराला हरकतींसाठी ३० दिवस मिळतात. ते हुकले की सुनावणीत तुम्हाला कुणी विचारणार नाही. पण घर द्यायला तुम्ही राजी आहात, असा त्याचा अर्थ कुठलाही कायदा काढत नाही. संपादनाची वेगळी नोटीस येते, तिथं पुन्हा बोलता येतं, आणि कोर्टाचं दार असल्या मेसेजनं बंद होत नाही.

सुनावणी नाटक? कधी कधी असते, नाही कोण म्हणतंय. हरकती ऐकणाऱ्या कलम २८ च्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार जाणकार असतात. त्यांनी केलेली शिफारस कलम ३१ खाली शासन फिरवू शकतं. मात्र मोठा बदल करायचा तर शासनालाही पुन्हा नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात.

आता तो तयार अर्ज. मला सगळ्यात जास्त राग त्याचा. "आमचा आराखड्यास तीव्र विरोध आहे," एवढंच एक वाक्य, खाली नाव आणि सही. ग्रुपवर एकानं लिहिलं, "टोल घालवला तसा आराखडाही घालवू." शहरातल्या रस्त्यांवरचा टोल २०१५ मध्ये गेला तो रस्त्यावरच्या लढ्यानं, तिथं माणसांची गर्दी कामाची होती. इथं समितीपुढं दहा हजार एकसारखे कागद आले तर त्यांचा एक गठ्ठा बांधतात आणि एकच उत्तर लिहितात. त्या गठ्ठ्यात तुमची खरी अडचण असली तरी गाडली जाते.

हरकत लिहायची ती अशी: ई वॉर्ड, सिटी सर्व्हे नंबर, आराखड्यातला आरक्षणाचा किंवा रस्त्याचा क्रमांक. मागणी एकाच वाक्यात, की रुंदी १२ मीटरऐवजी ९ करा, किंवा आरक्षण शेजारच्या मोकळ्या जागेवर न्या. सोबत प्रॉपर्टी कार्ड, मंजूर ले-आउट आणि भाग नकाशावर लाल पेनानं केलेली खूण. आवक शिक्क्याची पोच घ्या आणि "समक्ष सुनावणी हवी" हे वेगळ्या ओळीत लिहा.

आणि सूचनाही देता येतात, नुसत्या हरकती नव्हेत. पावसात स्टेशनजवळच्या परीख पुलाखाली, म्हणजे रुळाखालून जाणाऱ्या रस्त्यावर, पाणी तुंबलं की राजारामपुरीतून स्टँडवर जायचे हाल सगळ्यांना माहीत आहेत. स्टेशनभोवतीच्या वस्तीचं नियोजन म्हणायचं तर पहिली सूचना त्या पुलाची आणि चालत रूळ ओलांडायच्या वाटेची पाहिजे. तयार अर्जात परीख पुलाचं नावसुद्धा नाही.