‘माहिती फोटोत असतेच’: एका प्रतिक्रियेला उत्तर

कॅमेऱ्यात रंग कसे तयार होतात यावरच्या माझ्या मागच्या लेखाखाली ‘अभ्यासू वाचक’ या नावानं एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर, म्हणजे उजेड मोजणाऱ्या चिपवर, बसणारी लाल-हिरवी-निळी जाळी म्हणजे बायर फिल्टर, त्याचं साल चुकलंय. तीन थरांत रंग मोजणाऱ्या फोव्हिऑन सेन्सरचं नावही घेतलेलं नाही. सेन्सरमधले दोन तृतीयांश रंग हिशोबानं भरलेले असतात हे मी स्वतःच लिहितो आणि एआयनं मोठा केलेला फोटो मात्र खोटा म्हणतो, हा दुटप्पीपणा आहे. आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं: ‘माहिती फोटोत असतेच, ती बाहेर काढणं तुमच्यासारख्या लग्नाचे फोटो काढणाऱ्यांच्या आवाक्यातलं नाही, म्हणून तुम्ही तंत्रज्ञानाला नावं ठेवता.’

आधी चूक कबूल करतो. मी १९७६ लिहिलं होतं. ब्राइस बायर यांनी कोडॅकमध्ये असताना पेटंटसाठी अर्ज केला तो मार्च १९७५ मध्ये, ते मिळालं जुलै १९७६ मध्ये. शोधाचं साल म्हणून १९७५ हवं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे. लक्षात आणून दिल्याबद्दल मनापासून आभार.

आता त्या वाक्याविषयी. चार दिवस झाले, ते डोक्यातून जात नाही.

होय, मी लग्नाचे फोटो काढतो. त्यात कमीपणा कसला? १९९१ साली वयाच्या १७ व्या वर्षी लातूरच्या एका स्टुडिओत पोऱ्या म्हणून लागलो. दोन वर्षं नुसते हायपोचे, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनाचे, ट्रे धुतले. मे महिन्यात लाल-पिवळ्या कापडाच्या मांडवाखाली नवरी बसते, कापडाची झाक तिच्या गालावर उतरते, आणि फोटोत ती कावीळ झाल्यासारखी दिसते. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाची अशी झाक काढून रंग खरे ठेवणं, मी त्या मांडवांमध्ये शिकलो, पुस्तकं नंतर वाचली. आपण कुठं शिकलात ते प्रतिक्रियेत कळलं नाही. ना नाव, ना गाव. मतभेद असावेत, पण माणसाच्या धंद्यावर बोट ठेवून मतभेद मांडायची ही कुठली रीत?

आणि ‘माहिती फोटोत असतेच’ हे मला सांगताय म्हणून किल्लारीच्या भूकंपाचं लिहावंच लागतंय. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला, गणपती विसर्जनाच्या रात्री. दगड-मातीची माळवदाची घरं झोपलेल्या माणसांवर बसली. जवळपास १० हजार माणसं गेली. त्यानंतरची दोन वर्षं आमच्या स्टुडिओत रोज कोणी ना कोणी यायचं, हातात रुमालात गुंडाळलेला एखादा फोटो. शाळेचा ग्रुप फोटो, दिंडीचा फोटो, कुणाच्या तरी लग्नात मागच्या रांगेत उभा असलेला भाऊ. घरात लावायला, हार घालायला मोठा करून द्या म्हणायचे. १२ बाय १५ इंच.

आमच्याकडं रिटचिंगला एक उस्ताद होते. कॉपी स्टँडवर फोटोचा फोटो घ्यायचा, निगेटिव्हवर पेन्सिल चालवायची, मग ब्रोमाइडवर, म्हणजे छापलेल्या फोटोच्या कागदावर, बारीक ब्रशनं ठिपके भरायचे. भरण्याआधी ते समोरच्याला बसवून विचारायचे. तीळ कुठल्या गालावर होता? भांग कुठल्या बाजूला? मिशी ओठावर यायची की वरच कातरलेली? विचारलं नाही असं कधी घडलं नाही.

एकदा एक शेतकरी चौथीच्या वर्गाचा फोटो घेऊन आला. मधल्या रांगेत त्याचं लेकरू, चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. उस्तादांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, ‘एवढ्यातून चेहरा निघत नाही. मी काढला तर तो मी काढलेला असेल, तुमच्या पोराचा नसेल.’ त्यांनी तीन बाय चार इंचांची प्रत केली, धूसर होती तशीच, आणि मोठ्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर मधोमध चिकटवून दिली. पैसे घेतले नाहीत. तो माणूस ती प्रत छातीशी धरून बसस्टँडकडं चालत गेला, हे मी दारातून पाहिलंय.

साहेब, ‘असतेच’ म्हणता ती माहिती त्या फोटोत होती का?

आता गणित करू, कारण आपल्याला भावना चालत नसाव्यात. कागदावर चेहरा ४ मिलिमीटरचा आहे. १२०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला १२०० ठिपके धरून, स्कॅन केला की त्याला साधारण १९० पिक्सेल येतात. १२ बाय १५ च्या प्रतीत तोच चेहरा ६ इंचांचा करायचा तर ३०० डीपीआयनं १८०० पिक्सेल लागतात. म्हणजे साडेनऊपट उभे, साडेनऊपट आडवे. एका पिक्सेलच्या जागी जवळजवळ ९०. आणि तो एक तरी कुठं पूर्ण खरा? जुन्या प्रिंटवर एवढा बारीक तपशील उतरलेलाच नसतो, स्कॅनर तिथं कागदाचा पोत आणि चांदीचे कण मोजत बसतो. मग ते ९० येतात कुठून? फोटो मोठा करणारं एआय ज्या लाखो चेहऱ्यांवर शिकलं त्या चेहऱ्यांमधून. ते चेहरे किल्लारीच्या औसा तालुक्यातले नसतात.

हे मी हवेत बोलत नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली १६ बाय १६ पिक्सेलच्या चेहऱ्यापासून १०२४ बाय १०२४ चा चेहरा करणारी पद्धत मांडली. लोकांनी तिला बराक ओबामांचा धूसर केलेला फोटो दिला, तर गोऱ्या माणसाचा चेहरा बाहेर आला. हे चेहरे अस्तित्वात नसलेल्या माणसांचे आहेत, ओळख पटवायला वापरू नका, असं त्या संशोधकांनीच सांगितलं होतं.

मागच्या वर्षीचं सांगतो. एक म्हातारी नातवाबरोबर आली. तिचे मालक भूकंपात गेले. त्यांचा एकच फोटो, भजनी मंडळाचा, ब्लॅक अँड व्हाइट, अकरा माणसं आणि पखवाज. नातवानं आधीच एका ॲपवर आजोबांचा चेहरा मोठा करून, रंग भरून घेतला होता, आमच्याकडं फक्त प्रिंट हवी होती. स्क्रीनवर फोटो उघडला. खणखणीत, पापणीचा केस न् केस दिसत होता. म्हातारी चष्मा वरखाली करत पाहत राहिली.

‘ह्ये कोण हाय?’

‘आजी, आजोबाच की.’

‘ह्येंच्या डाव्या डोळ्यात फूल व्हतं. न् तोंडावर देवीचे वण व्हते.’

ॲपनं दोन्ही डोळे चांगले करून टाकले होते आणि कातडी लोण्यासारखी. मूळ फोटोत तो डोळा म्हणजे एक करडा ठिपका, तिथं फूल आहे की नाही हे कुठल्याही यंत्राला कळणं शक्यच नव्हतं. म्हणून त्यानं जसे बहुतेकांचे डोळे असतात तसा डोळा बसवला. पटका तपकिरी रंगवला होता. तो गुलाबी होता, तिच्या भावानं आहेर केलेला. ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर उजेड किती पडला एवढंच उमटतं. गुलाबी, फिकट हिरवा आणि तपकिरी यांची करडी छटा एकसारखी येऊ शकते, मग रंग कुठून वाचणार? डिजिटल सेन्सरही मुळात रंग ओळखत नाही, त्याच्यावर बायरची लाल-हिरवी-निळी जाळी बसवावी लागते ती याचसाठी. त्यात निम्मे चौकोन हिरवे ठेवले, कारण आपला डोळा बारीक तपशील उजेडाच्या फरकावरून टिपतो आणि त्या उजेडात हिरव्याचा वाटा सगळ्यात मोठा. माझ्या लेखाचा विषय एवढाच होता. जे मोजलं तेच हातात येतं.

रिझोल्यूशन वाढवणाऱ्या शोधांना मी नावं ठेवतो हे आपण कुठं वाचलंत? जिथं खरोखर जास्त मोजलं जातं तिथं मी हात जोडतो. २०१५ च्या सुमाराला ऑलिंपस आणि पेंटॅक्सनं कॅमेऱ्यातला सेन्सरच पिक्सेलभर किंवा त्याहून कमी सरकवून चार-आठ फोटो घ्यायला सुरुवात केली. त्यामुळं एकाच जागेवर लाल, हिरवा, निळा तिन्ही खरे मोजले जातात. २०१८ मध्ये गुगलनं ‘पिक्सेल ३’ नावाच्या फोनमध्ये हाताची थरथरच कामाला लावली. लागोपाठच्या फोटोंत प्रत्येक चित्र किंचित सरकलेलं असतं, ते एकावर एक बसवले की एका फोटोत नसलेला तपशील सापडतो. हे मी दुकानात पैठणीच्या काठावर करून पाहिलंय. एका फोटोत जरीच्या विणीवर इंद्रधनुषी लाटा येतात, मोआरे म्हणतात तो प्रकार. सरकवून घेतलेल्या फोटोंत त्या जातात आणि मोराच्या पिसाऱ्यातला एकेक धागा सुटा दिसतो. पण त्यासाठी काठ समोर लागतो, पुन्हा फोटो घ्यावा लागतो. गेलेल्या माणसाचा पुन्हा फोटो कुठून घेणार?

फोव्हिऑनचं म्हणाल तर लेख बायरवर होता. तुरीवर लिहिलं तर सोयाबीन का राहिलं म्हणून कुणी भांडत नाही. तीन थरांत तीन रंग मोजणारा तो सेन्सर २००२ मध्ये सिग्माच्या एसडी९ कॅमेऱ्यात आला, कल्पना सुंदर आहे, कधीतरी लिहीन.

दुटप्पीपणाचा आरोप तर मला समजलाच नाही. बायरमध्ये प्रत्येक चौकोनात एक रंग मोजलेला असतो, उरलेले दोन शेजारच्या मोजलेल्या चौकोनांवरून काढतात. तो शेजार त्याच फोटोतला, त्याच क्षणातला असतो. यावर आणखी वाद घालायचा असेल तर स्वतंत्र लेख होईल, इथं नको.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढच्या वेळी नाव आणि गाव लिहा. लातूरला आलात तर या, स्टुडिओ सकाळी दहाला उघडतो. त्या नातवाला विचारून दोन्ही फोटो आपल्यासमोर ठेवीन, ॲपचा आणि मूळचा. म्हातारीनं शेवटी मूळ फोटोचीच प्रत नेली, अकराच्या अकरा माणसं असलेली, आठ बाय दहा. मालक कुठं उभे आहेत ते तिनं मला बोट ठेवून दाखवलं.