मिश्र कचऱ्याचा डबा आम्ही का उचलत नाही: एका सोसायटीच्या एक-तारा अभिप्रायाला उत्तर

सेक्रेटरी साहेब, नमस्कार.

तुमच्या सोसायटीचा कचरा आमचा टेम्पो नेतो, आणि आमच्याबद्दलच्या तुमच्या अभिप्रायात चार तक्रारी आहेत. आमच्या माणसांनी दोन डबे गेटवरच सोडले, एप्रिलपासून दर वाढवला, ओला-सुका एकाच टेम्पोत जातो, आणि महापालिकेची गाडी असताना खासगी माणसाला पैसे का द्यायचे. शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, बाकीचं त्यातूनच निघतं.

मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, हे मुंबई महापालिकेनं 2 ऑक्टोबर 2017 पासून लागू केलं. नंतर मुदतवाढी मिळत गेल्या, त्यामुळे अनेकांना तो नियम कागदावरचाच वाटला. आता 1 एप्रिल 2026 पासून देशभर नवे घनकचरा व्यवस्थापन नियम आले आहेत. बांधीव क्षेत्र 20,000 चौ. मी., रोजचा पाणीवापर 40,000 लिटर किंवा रोजचा कचरा 100 किलो, यातलं एक जरी लागू झालं तरी तुम्ही मोठे कचरा निर्माते ठरता. दोनशे घरं आणि घरामागे दीड किलो धरा, 300 किलो होतात. अशा सोसायटीनं ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा. ते जमत नसेल तर बाहेर प्रक्रिया झाल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं. म्हणजे नुसता कचरा उचलून नेणं पुरेसं नाही, तो कुठे गेला हेही दाखवावं लागतं. आमच्या बिलासोबत येणारी वजनकाट्याची पावती त्यासाठीच आहे. ती फाइलला लावून ठेवा.

आता गेटवरचे डबे. दोन्ही ओल्या कचऱ्याचे होते आणि दोन्हींत डायपर, दुधाच्या पिशव्या आणि एक फुटलेली ट्यूबलाइट होती. आमचा छोटा हत्ती टेम्पो साधारण पाऊण टन माल नेतो, म्हणजे एका फेरीत तीन-चार सोसायट्यांचा ओला कचरा. बायोगॅस प्रकल्पाच्या फाटकावर माल उघडून बघतात. प्लास्टिक टाकीत वर तरंगतं, त्याची साय धरते आणि पंप तुंबतो. डायपरमधली जेल पाणी शोषून फुगते. खत करायचं म्हटलं तर काच आणि पिशव्यांचे तुकडे चाळणीतून पुढे येतात, आणि तसं खत कुणी घेत नाही. फ्लोरोसंट ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. असा एक डबा भरला की संपूर्ण गाडी परत पाठवली जाते, ज्या सोसायट्यांनी नीट वेगळा करून दिलाय त्यांच्या कचऱ्यासकट. त्यांचा काय दोष?

गाडी परत आली की डिझेल गेलं, दुसरी फेरी बुडाली आणि तोच माल आमच्या माणसांनी हातानं निवडायचा. मोठ्या कंत्राटदाराकडे दहा-वीस गाड्या असतात, एक अडकली तरी काम थांबत नाही. दोन-तीन टेम्पोवाल्याचा अख्खा दिवस जातो. नव्या नियमांची सुधारणा योग्यच आहे, आम्हाला ती हवीच होती. पण मिश्र कचऱ्याची किंमत सध्या सगळ्यात आधी लहान वाहतूकदार भरतो, आणि मोठ्या निविदांमधली अनामत, उलाढाल, गाड्यांची संख्या या अटी त्याला आधीच बाहेर ठेवतात. आमच्यासारख्याकडे टिकण्याचा एकच मार्ग आहे: फाटकावर न नाकारला जाणारा माल. म्हणून मिश्र डबा उचलायचा नाही, ही सूचना आमच्या माणसांना आम्हीच दिली आहे. त्यांच्यावर चिडू नका.

एकाच टेम्पोबद्दल: हौद्यात मधोमध पत्र्याची आडभिंत आहे. पुढे सुका, मागे ओला, आणि ओल्याच्या खाली पाणी धरायला ट्रे. ताडपत्री टाकल्यावर बाहेरून ते दिसत नाही. कधीही गाडी थांबवून बघा. कॉम्पॅक्टरवाल्यानं (कचरा दाबून भरणाऱ्या गाडीवाल्यानं) कमी दर सांगितला असेल तर त्यालाही हेच विचारा, सगळं एकाच पेटीत दाबलं जातं का आणि प्रक्रियेची पावती मिळते का. ओला-सुका एकत्र दाबला की कागद-पुठ्ठा भिजतो आणि भंगारातही जात नाही.

दर वाढला, कारण आता चार प्रकार वेगळे न्यायचे आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. शेवटच्या दोन्हींसाठी वेगळे डबे आणि ठरलेली वेगळी फेरी लागते.

तुमच्या हाउसकीपिंगला एवढं सांगा. ओला कचरा गाठ मारलेल्या पिशवीत नको. आत हवा जात नाही, तो एका दिवसात आंबतो आणि गाडीला वास येतो तो त्याचाच. डब्यात तळाला वर्तमानपत्र घाला. 120 लिटरच्या डब्यात ओला कचरा 50-60 किलो भरतो, काठोकाठ भरला तर दोघांनाही चढवता येत नाही. तीन चतुर्थांश पुरे. पावसाळ्यात झाकण बंद हवंच, नाहीतर पाण्याच्या वजनाचे पैसे तुम्ही भरता. शहाळी आणि नारळाच्या करवंट्या वेगळ्या ठेवा, त्या श्रेडरमध्ये, म्हणजे कचरा बारीक करणाऱ्या यंत्रात, अडकतात. डायपर, पॅड कागदात गुंडाळून सॅनिटरीच्या डब्यात. औषधं, बॅटऱ्या, रंगाचे डबे, ट्यूबलाइट विशेष काळजीच्या चौथ्या डब्यात, आणि ट्यूबलाइट तिच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातच. फ्लॅटच्या दुरुस्तीचं डेब्रिज यातल्या कशातच बसत नाही, त्यासाठी आधी फोन करा.

गेटवरचे ते दोन डबे निवडून ठेवलेत तर उद्याच्या फेरीत नेऊ, जादा पैसे नाहीत. निवडताना काच आहे हे लक्षात ठेवा. जाड हातमोजे आणि चिमटा द्या, आणि ट्यूबचे तुकडे झाडूनं न लोटता पुठ्ठ्यावर गोळा करून बंद डब्यात ठेवा.