खासदारांचा हिशेब कसा मागू नये

आपल्या मतदारसंघाचे खासदार लोकसभेत मागच्या बाकावर बसतात हे कळल्यावर, तिथे बसून ते मत कोणत्या बाजूने देतात हे शोधून काढण्याची हुक्की काही चिकित्सक मतदारांना येते. ती आवरावी. बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात आणि त्या गलक्यात आपल्या माणसाचा ‘होय’ मिसळला होता की तो त्या वेळी उपाहारगृहात चहा घेत होता, याची नोंद कुठेही राहत नाही. एखाद्या हट्टी सदस्याने मतविभागणी मागितलीच, तर मात्र हिरवे, लाल किंवा पिवळे बटण दाबावे लागते आणि नाव कायमचे कागदावर जाते.

अशी यादी हाती लागली तरी हुरळून जाऊ नये. १९८५ साली राज्यघटनेला जोडलेल्या दहाव्या परिशिष्टानुसार पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसे द्यावे याचा आदेश, मोडून मत देणाऱ्याचे, एवढेच नव्हे तर मतदानापासून दूर राहणाऱ्याचेही सदस्यत्व जाऊ शकते. पक्षाने पंधरा दिवसांत क्षमा केली तरच तो वाचतो. तेव्हा त्या यादीत दिसते ती हा आदेश काढणाऱ्या प्रतोदाची मर्जी असते. (याला कोणी पळवाट म्हणतात, पण पळायला वाट ठेवली आहेच कुठे?) ‘मग निदान स्वतःचे विधेयक तरी मांडा’ असा आग्रहही धरू नये, कारण खासगी सदस्यांची, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांची, विधेयके १९५२ पासून १४ मंजूर झाली आणि त्यातले शेवटचे १९७० साली.

हिशेब मागायचाच असेल तर गटाराचा मागावा. गटार, नळ आणि पथदिवे हे विषय नगरपालिकेचे किंवा ग्रामपंचायतीचे आहेत असले कुत्सित आक्षेप घेऊ नयेत. कायदे करणाऱ्या माणसाला गटारावर बोलते करण्यातच मतदाराचे कौशल्य असते. खासदार निधीतून वर्षाला ५ कोटी रुपयांची कामे सुचवण्याचा अधिकार त्यांना असतो. पैसा करदात्यांचा, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाची आणि फलकावरचे नाव मात्र खासदारांचे, अशी ही सुबक वाटणी आहे. परिणामी बसथांब्याचे छप्पर तीन माणसांपुरते असले तरी त्यावरचे नाव पुढच्या थांब्यावरून वाचता येते.

हजेरीचा प्रश्न उरतो. सभागृहाच्या परवानगीवाचून ६० दिवस सर्व बैठकांना गैरहजर राहिलेल्या सदस्याची जागा रिक्त घोषित करण्याची तरतूद घटनेत आहे. लग्नसराईत मात्र एक मांडव चुकला तरी मतदार ती पुढच्या निवडणुकीत रिक्त करून टाकतो. त्यामुळे भर अधिवेशनात ते गावाकडे दिसले तर दिल्लीत आज काय चालले आहे असे विचारून त्यांना संकोचात पाडू नये. दहाव्या परिशिष्टाबद्दल तर अवाक्षर काढू नये. आपल्या आजोबांच्या दहाव्याला ते पहिल्या रांगेत बसले होते.