पॉवर ऑफ अटर्नी केली की काळजी मिटते?

सध्या फिरणारा सल्ला असा: “आईवडिलांकडून जनरल पॉवर ऑफ अटर्नी करून घ्या. पुढे स्मृतिभ्रंश झाला तरी बँक, पेन्शन, फ्लॅट सगळं तुमच्या सहीवर चालेल. रजिस्टर केली की रद्द होत नाही. वेळ निघून गेलीच तर कलेक्टरकडून पालकत्वाचा दाखला काढा. आणि घर सांभाळणाऱ्याच्या नावे बक्षीस करून टाका.” यावर विसंबलेली घरं ऐन गरजेला अडकतात.

“स्मृतिभ्रंशानंतरही चालेल.” नाही. भारतीय करार कायदा 1872, कलम 201: अधिकार देणारा वारला किंवा मनोविकल झाला की मुखत्यारी (पॉवर ऑफ अटर्नीने दिलेला अधिकार) संपते. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये अक्षमतेनंतरही टिकणारं मुखत्यारपत्र असतं. आपल्याकडे ‘मी अक्षम झालो तरी हे लागू राहील’ असं वाक्य मसुद्यात घातलं तरी कलम 201 बदलत नाही.

मात्र निदान झालं त्याच दिवशी सगळं संपलं असंही नाही. त्याच कायद्याचं कलम 12 पाहतं ते सही करताना माणसाला व्यवहार कळत होता का आणि त्याचा आपल्या हितावर काय परिणाम होईल हे तोलता येत होतं का, एवढंच. म्हणून सहीच्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञाचं प्रमाणपत्र घ्या. त्यावर नुसतं ‘फिट’ नको. कागद काय आहे, कोणाला कोणते अधिकार दिले, हे पेशंटने स्वतःच्या शब्दांत सांगितलं, असं लिहून घ्या. बऱ्याच जणांचं इथेच चुकतं, आणि भावंडांनी हरकत घेतली की पहिलं बोट त्याच कागदावर जातं.

हात थरथरतो म्हणून सही जुळत नसेल, पण भान शाबूत असेल, तर मुखत्यारपत्राचीही गरज नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे अंगठ्याचा किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. बँकेला माहीत असलेले दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. शाखेत ‘असं काही नसतं’ म्हणाले तर लेखी उत्तर मागा.

“रजिस्टर केली की रद्द होत नाही.” होते. देणारा भानावर असेपर्यंत साधं मुखत्यारपत्र कधीही रद्द करू शकतो.

“कलेक्टरकडून दाखला काढा.” कलेक्टरच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती राष्ट्रीय न्यास कायदा 1999 खाली पालक नेमते, पण ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठीच. म्हातारपणचा स्मृतिभ्रंश त्यात बसत नाही. 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाकडून मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमून घेता येत असे. 2017 च्या कायद्याने ते प्रकरणच गाळलं. नव्या कायद्यातला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ उपचारांपुरता, एफडी मोडण्यासाठी नव्हे.

म्हणून वाट उरते ती मुख्यतः उच्च न्यायालयाची, राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली. 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कोमातल्या पतीसाठी पत्नीला पालक नेमलं ते याच वाटेने. अर्जासोबत वैद्यकीय कागद, सगळ्या वारसांची नावं आणि शक्यतो संमतीची प्रतिज्ञापत्रं, स्थावर-जंगम मालमत्तेची पूर्ण यादी आणि महिन्याच्या खर्चाचा हिशेब द्या. न्यायालय सहसा वैद्यकीय मंडळाकडून तपासणी करून घेतं. एक भाऊ संमती देत नसेल तर ते लपवू नका, त्याला प्रतिवादी करा. लपवलेला वारस पुढे आदेशच उलटवू शकतो.

“घर बक्षीस करून टाका.” इथे धोका आईवडिलांचा. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 नुसार सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं घर, अट मोडल्यास परत मिळू शकतं. अट होती हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटलं; जानेवारी 2025 च्या निकालात कायद्याचा अर्थ उदारपणे लावला. उगाच जुगार कशाला? अट बक्षीसपत्रातच लिहा.

आणि एकट्याने सांभाळणाऱ्याच्या खऱ्या कामाचं कलम त्या सल्ल्यात नाहीच: याच 2007 च्या कायद्याचं कलम 5. आईवडिलांच्या वतीने, त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती इतर भावंडांविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहासाठी अर्ज करू शकते. अर्ज एकाच मुलाविरुद्ध झाला असेल तर तो बाकीच्यांना त्यात ओढू शकतो. रक्कम महिन्याला कमाल 10,000 रुपये; नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल अपेक्षित, फार तर 30 दिवस वाढवून. अर्जाला औषधांची बिलं आणि आयाच्या पगाराच्या पावत्या जोडा. रोख देत असाल तर आजपासून यूपीआयने द्या.