९३० कोटी वर्षं प्रवास करून आलेला यूव्ही ठाणेकरांची कातडी जाळणार नाहीये

सध्या घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, आमच्याकडे तर एकाच सकाळी तिघांनी टाकला. थोडक्यात म्हणणं असं की इस्रोच्या अवकाशातल्या वेधशाळेने, म्हणजे अॅस्ट्रोसॅटने ९३० कोटी प्रकाशवर्षांवरून पृथ्वीकडे येणारे घातक अल्ट्राव्हायोलेट (यूव्ही) किरण पकडलेत, नासाच्या हबल दुर्बिणीला जे दिसलंच नाही ते आपल्याला दिसलं, हा विश्वातला सगळ्यात पहिला प्रकाश आहे, आणि गॅलेक्सीतून असे किरण बाहेर पडूच शकत नाहीत म्हणणारं विज्ञान तोंडावर आपटलं. शेवटी मुलांना दुपारी खाली पाठवू नका आणि हात जोडलेले चार इमोजी.

मूळ बातमी खरी आहे हो, फक्त शिळी आहे, ऑगस्ट २०२० ची. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले कनक साहा आणि त्यांच्या टीमने एयूडीएफएस०१ नावाच्या गॅलेक्सीतून आलेला हायड्रोजन फोडू शकणारा, म्हणजे त्याच्या अणूतला इलेक्ट्रॉन उडवणारा यूव्ही शोधला, त्यासाठी अॅस्ट्रोसॅटने ऑक्टोबर २०१६ मध्ये आकाशाचा तो एवढासा तुकडा २८ तासांपेक्षा जास्त वेळ बघितला होता. बाकी सगळा मीठमसाला.

"घातक किरण पृथ्वीवर येतायत." अहो, तो प्रकाश तिथून निघाला तेव्हा त्याच्या लाटेची लांबी साधारण ६० नॅनोमीटर होती, पण वाटेत विश्व प्रसरण पावत राहिलं आणि प्रत्येक लाट जवळजवळ अडीचपट ताणली गेली, म्हणजे आपल्यापर्यंत येईस्तोवर ती १४५ च्या आसपास झाली. फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या एका कणाची एनर्जी २० इलेक्ट्रॉन व्होल्टवरून साडेआठवर आली, आणि हायड्रोजन फोडायला १३.६ लागतात, म्हणजे ज्या कामासाठी हा प्रकाश फेमस आहे तेही त्याला आता जमत नाही. वर हा १४५ वाला यूव्ही ओझोनपर्यंतसुद्धा पोचत नाही, त्याच्या बराच वरती हवेतला ऑक्सिजनच त्याला गिळतो. जमिनीवरून दिसत नाही म्हणून तर ६५० किलोमीटरवर उपग्रह ठेवावा लागला ना! मे महिन्यात भर दुपारी तलावपाळीवर जो भाजतो तो आपल्या सूर्याचा यूव्ही, सनस्क्रीन त्याच्यासाठी लावा, खुशाल लावा.

"विश्वातला पहिला प्रकाश." नाही. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं, त्यातून ९३० वजा करा, म्हणजे हा प्रकाश निघाला तेव्हा विश्व साडेचारशे कोटी वर्षांचं घोडं झालं होतं. पहिल्या गॅलेक्सींनी आजूबाजूचा हायड्रोजन फोडून आकाश पारदर्शक केलं ते काम पहिल्या शंभर कोटी वर्षांतच उरकलं होतं. मग ही गॅलेक्सी कशाला बघायची? कारण त्या पहिल्यावाल्यांचा हा यूव्ही आपल्याला थेट दिसूच शकत नाही, मधला न फुटलेला हायड्रोजन तो वाटेतच खातो, म्हणून तसंच वागणारी पण अलीकडची गॅलेक्सी शोधायची आणि तिच्यावरून अंदाज बांधायचा.

"हबल फेल." हे अर्धवट. अॅस्ट्रोसॅटवरच्या यूव्हीआयटी दुर्बिणीचा आरसा जेमतेम ३८ सेंटिमीटरचा, हबलचा २.४ मीटरचा, तरी आपल्याला जमलं कारण यूव्हीआयटीचा डिटेक्टर एकेक फोटॉन मोजतो आणि त्याचा स्वतःचा गोंगाट, म्हणजे आपोआप उठणारे खोटे सिग्नल, फारच कमी असतो. अभिमान वाटायलाच पाहिजे, मलाही वाटतो. पण ती गॅलेक्सी हबलच्या फोटोंत आधीपासूनच होती, आणि हबलने स्वतः असा यूव्ही दुसऱ्या गॅलेक्सींतून पकडलाय, २०१६ मध्ये पकडलाय, २०१९ मध्येही पकडलाय. यात मॅच कुठेय?

आता शेवटचा मुद्दा, "बाहेर पडणं अशक्य". असं कोणी म्हटलंच नव्हतं. म्हणणं एवढंच होतं की अवघड आहे. हा यूव्ही बनवतात ते मोठे, निळे, भयंकर तापलेले तारे, आणि ते जन्मतात गॅसच्या दाट ढगात, म्हणजे सोडलेला बहुतेक प्रकाश घरातच संपतो, ९१.२ नॅनोमीटरच्या खालचा कुठलाही फोटॉन हायड्रोजनच्या अणूला सापडला की खल्लास. उरलासुरला धूळ खाते. त्यात हे तारे जगतात साधारण तीसेक लाख ते काही कोटी वर्षं, म्हणजे ढग विरेपर्यंत तारा जिवंत राहिला पाहिजे, नाहीतर रस्ता मोकळा होईतो दिवाच विझलेला. पण हेच तारे जोरदार वारे सोडतात, मरताना सुपरनोव्हा होऊन फुटतात आणि गॅसमध्ये भोकं पाडतात. येऊरच्या डोंगरावर जुलैत ढग गच्च असतात आणि मध्येच एका फटीतून ऊन थेट खाली पडतं, तसं. ती फट आपल्या दिशेने असेल तर आपल्याला गॅलेक्सी 'लीकर' दिसते, हो, त्या लोकांचा शब्दच लीकर आहे, आणि फट दुसरीकडे असेल तर तीच गॅलेक्सी आपल्यासाठी ठार बंद. २०१९ वाल्या हबलच्या केसमध्ये नेमका असाच एक अरुंद बोगदा दिसला होता. एयूडीएफएस०१ मधून बाहेर पडणारा वाटा २० टक्क्यांच्या वर निघाला. २०१६ वाल्या हबलच्या गॅलेक्सीतून साधारण ८ टक्केच.

ती ८ टक्केवाली 'ग्रीन पी' म्हणजे हिरवा मटार जातीची, फोटोत छोट्या हिरव्या ठिपक्यासारखी दिसणारी, आणि ही जात शोधली कोणी तर घरबसल्या फोटो चाळणाऱ्या साध्या लोकांनी, गॅलेक्सी झू नावाच्या प्रोजेक्टमध्ये. ग्रुपवर टाकायचंच तर हे टाका की राव.

नंतर २०२२ मध्ये हबल वापरून अशा ६६ जवळच्या गॅलेक्सी तपासल्याचे निकाल आले, ३५ मधून हा यूव्ही बाहेर येताना दिसला, ३१ मधून नाही.