डेंग्यू घोडबंदरला, तपासणी चिपळूणला

मागच्या ऑगस्टमध्ये माझ्या भाच्याला डेंग्यू झाला. नोकरीसाठी तो आमच्याकडेच राहतो, ठाण्यात घोडबंदर रोडला, कासारवडवलीत. मंगळवारी रात्री डेंग्यूच्या रक्ततपासणीचा, एनएस१चा, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, बुधवारी ॲडमिट केला, आणि रविवारी सकाळी चिपळूणजवळ गावी माझ्या ताईला आरोग्य सेवकाचा फोन, "काकू, तुमच्या मुलाला डेंग्यू निघालाय, उद्या येतो पाण्याची भांडी बघायला." ताईने घाबरून मला फोन केला, अगं यांना कसं कळलं? कळलं कारण लॅबने आधार कार्डावरचा पत्ता टाकला होता आणि आधार गावचं. तो आरोग्य सेवक दुसऱ्या दिवशी खरंच भर पावसात आला, हौद, पिंपं, परसातल्या करवंट्यासुद्धा उपड्या करून गेला, त्याच्या कामाला मनापासून नमस्कार. पण पेशंट होता ठाण्यात, डास होते ठाण्यात, आणि इथे कुणी फिरकलं नव्हतं कारण नोंदीत आमच्या बिल्डिंगमध्ये पेशंटच नव्हता!

फवारणीची टीम आमच्याकडे आली अकराव्या दिवशी. तीही मी चार ठिकाणी फोन केले म्हणून. गच्चीवर वॉटरप्रूफिंगवाल्यांनी टाकून दिलेली ताडपत्री होती, तिच्या खोलगट भागात पाणी साचलेलं आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. तोवर आमच्याच विंगमध्ये अजून दोघं तापाने झोपलेले. ते आमच्या भाच्यामुळेच असं मी म्हणणार नाही, पण ते अकरा दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत.

कारण डेंग्यूत सगळा खेळ दिवसांचा आहे. पेशंटला चावलेला डास लगेच दुसऱ्याला आजार देत नाही, विषाणू त्याच्या अंगात वाढून लाळेपर्यंत पोचायला साधारण ८ ते १२ दिवस लागतात. म्हणजे रिपोर्ट आल्याच्या दुसऱ्या दिवशी योग्य बिल्डिंगमध्ये माणूस पोचला तर हातात काही दिवस तरी असतात, आणि हा डास फार लांब उडतही नाही, काहीशे मीटरच्या आतच घुटमळतो, म्हणजे शोधायची जागाही ठरलेली. अकराव्या दिवशी धूर मारून सोसायटीला बरं वाटतं, बाकी काय.

आता टेक्नॉलॉजी नाहीये असं नाही. २००४ पासून देशात आयडीएसपी आहे, साथरोगांवर लक्ष ठेवायची सरकारी व्यवस्था, त्यात आधी आठवड्याला एकदा आकडे जायचे. एप्रिल २०२१ पासून आयएचआयपी नावाचं ऑनलाइन पोर्टल देशभर सुरू झालं, त्यात एकेका पेशंटची नोंद त्याच दिवशी करता येते, गावपातळीवरचे कर्मचारी संशयित टाकतात, डॉक्टर त्यांचं निदान टाकतात, लॅब रिपोर्ट टाकते. कल्पना उत्तमच आहे. पण पोर्टल कितीही फास्ट असलं तरी त्यात पत्ता चुकीचा गेला तर चुकीची माहितीच फास्ट पोचते, आमच्याकडे नेमकं तेच झालं.

आणि ठाण्यात हा प्रश्न एका घराचा नाहीये हो. अर्धं ठाणं भाड्याने राहतं, कुणाचं आधार सातारचं, कुणाचं जळगावचं, बांधकामावरच्या कामगारांचं तर बिहार-बंगालचं. त्यात गणपती. डास चावल्यापासून ताप यायला ४ ते १० दिवस लागतात, म्हणजे इथे चावून घेतलेला माणूस एसटीत बसून कोकणात पोचतो आणि ताप येतो तिकडे, नोंद तिकडची, डास मात्र इथेच. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की फॉर्ममध्ये कायमचा पत्ता नंतर विचारा, आधी विचारा की सध्या झोपायला कुठे असता आणि गेल्या दोन आठवड्यांत कुठे होतात. नुसता पिनकोड नको, बिल्डिंग आणि विंग हवी.

लाहोरचं उदाहरण मला फार पटतं. २०११ मध्ये तिथे डेंग्यूची भयंकर साथ आली, त्यानंतर फील्डवरच्या कर्मचाऱ्यांना स्मार्टफोन दिले, डबकं दिसलं की फोटो, काम झालं की परत फोटो, जीपीएससकट. मग पेशंट कुठे आणि अळ्या कुठे हे एकाच नकाशावर दिसायला लागलं. त्यासाठी काही फार भारी तंत्रज्ञान लागलं नाही, साधा स्मार्टफोन. आपल्याकडे तर फोन प्रत्येकाच्या खिशात आहे.

एक मात्र स्पष्ट सांगते, नकाशा म्हणजे पेशंटचं नाव व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं नव्हे. २०२० मध्ये कोरोना पॉझिटिव्ह लोकांच्या याद्या कशा फिरल्या आणि शेजारी कसे दारं लावून घ्यायचे ते आपण पाहिलंय, त्या भीतीने लोक टेस्टच करायचे नाहीत. सोसायटीला नाव, फ्लॅट नंबर काहीही लागत नाही. कुठली विंग आणि ताप कधी आला, बस. आम्ही आता तेवढंच सेक्रेटरींना कळवायचं ठरवलंय, नाव फक्त आरोग्य खात्याकडे, आणि कळलं की त्याच दिवशी गच्ची, डक्ट, लिफ्टचा खड्डा, फ्रिजमागचे ट्रे बघायचे. या पावसाळ्यात दोनदा बघून झालं, एकदा बंद फ्लॅटच्या बाल्कनीतल्या बादलीत अळ्या मिळाल्या.

परवा भाच्याला परत ताप आला म्हणून त्याच लॅबमध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलीने मोबाइल नंबर टाकला आणि स्क्रीनवर आपोआप चिपळूणचा पत्ता आला. म्हटलं अगं हा बदल, तो इथे राहतो. ती म्हणाली, "ताई, पत्त्याचा एकच रकाना आहे, तो आयडी प्रूफप्रमाणेच लागतो." मग रिमार्कच्या रकान्यात तिच्याकडून आमच्या बिल्डिंगचं नाव, विंग आणि कासारवडवली टाइप करून घेतलं, आणि तिने सेव्ह करेपर्यंत तिथेच उभी राहिले. तुम्हीही रक्त द्यायला गेलात तर एवढं करून घ्या प्लीज.